सेकंड हँड फास्ट हॅचबॅक घेताय? आधी पहिल्या वर्षाचा खर्च मांडा

आमच्या आईला गाडीतलं ओ की ठो कळत नाही. पण माझी सेकंड हँड टर्बो हॅचबॅक पहिल्यांदा सोसायटीच्या गेटातून आत आली तेव्हा ती गॅलरीतून एवढंच म्हणाली, "एवढी स्वस्तात दिली म्हंजे त्याला काहीतरी माहिती असणार." मी हसलो. त्या 'काहीतरी'चं बिल पुढचे अकरा महिने हप्त्याहप्त्याने भरलं, टोटल मारली तर एक लाख बारा हजार. गाडी कुठल्या कंपनीची ते सांगत नाही कारण चूक माझी होती, बघायच्या गोष्टी बघितल्याच नाहीत, कोलशेत रोडवर एकदा पाय दाबला आणि पिकअपवर फिदा झालो. त्यानंतर मात्र मित्रांच्या, मेव्हण्याच्या, ऑफिसातल्या पोरांच्या मिळून बऱ्याच गाड्या बघायला गेलोय. त्या सगळ्या उठाठेवीतून जे जमलं ते इथे क्रमाने टाकतोय, ठाणे-नवी मुंबईत गाडी शोधणाऱ्यांना जास्त कामाचं.

एक हिशोब आधी डोक्यात बसवा. अशा गाडीची किंमत म्हंजे मालकाला दिलेले पैसे अधिक पहिल्या वर्षात गॅरेजला दिलेले पैसे. बजेट ५ लाख असेल तर ४ ते सव्वाचार लाखाची गाडी शोधा, उरलेले वेगळ्या अकाउंटला टाका आणि विसरा. हे जमणार नसेल तर सरळ साधी नॉन-टर्बो (म्हंजे इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा नसलेली) गाडी घ्या, राग मानू नका.

पायरी १: कुठली गाडी, त्यावर कुठला खर्च

बाजारात ज्या दिसतात त्या मोजक्याच आहेत. पोलो जीटी टीएसआय २०१३ मध्ये आली, १.२ लिटर टर्बो पेट्रोल, १०५ पीएस (ताकदीचं माप) आणि सात गिअरचा डीएसजी, म्हंजे दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. २०२० मध्ये बीएस६ बरोबर तिच्या जागी १.० टीएसआय आलं, ११० पीएस, आणि त्यात मॅन्युअल किंवा सहा गिअरचा साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक. २०२२ ला पोलोच बंद झाली. डिझेलवाल्यांसाठी जीटी टीडीआय, आधी १.६ मग १.५. बलेनो आरएस २०१७ ते २०२०, तीन सिलिंडरचं बूस्टरजेट, १०२ पीएस. पुंटो अबार्थ २०१५ ची, १.४ टी-जेट, १४५ पीएस, चारही चाकांना डिस्क, आणि आता फियाटच इथून गेलीय. टियागो जेटीपी २०१८ ची, मोजक्याच फिरतात. आय२० एन लाइन २०२१ पासून, त्यामुळे सेकंड हँडमध्ये अजून महाग.

आता यातलं कामाचं बोलतो. टायमिंगला, म्हंजे वाल्व आणि पिस्टनचा मेळ राखायला, बेल्ट आहे का चेन हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. दोन्ही टीडीआय, १.० टीएसआय आणि अबार्थ बेल्टवाल्या, बलेनो आरएस आणि एन लाइनचं टर्बो चेनवाले. बेल्ट रबराचा, तो किलोमीटरने झिजतो तसा वयानेही कडक होतो. दहा वर्षांची गाडी फक्त ४५ हजार चाललीय म्हणून मालक खुशीत सांगेल की बेल्ट अजून नवा आहे, तर तो नवा नाही, म्हातारा आहे. तुटला की वाल्व पिस्टनवर आपटतात आणि हेड खोलावं लागतं. बदलल्याचं बिल नसेल तर बदललेला नाही असंच धरायचं, आणि बदलताना टेन्शनर आणि वॉटर पंप त्याच वेळी, मजुरी दोनदा कशाला द्यायची.

दुसरं म्हंजे डायरेक्ट इंजेक्शन. टीएसआय, बूस्टरजेट आणि एन लाइनचं इंजिन यात पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारतात, त्यामुळे इनटेक वाल्ववरून पेट्रोल वाहतच नाही आणि तिथे कार्बन साठत जातो. ६०-७० हजारांपुढे आयडलिंगला बारीक थरथर, सकाळी थंडीत मिसफायर, पिकअप बसका. पेट्रोलमध्ये टाकायच्या क्लीनरच्या बाटलीने हे जात नाही, कारण ते पेट्रोल त्या वाल्वपर्यंत पोचतच नाही की हो. मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्या) काढून अक्रोडाच्या टरफलाच्या भुग्याने ब्लास्टिंग करतात, नायतर हाताने घासून. अबार्थचं टी-जेट पोर्ट इंजेक्शनचं, म्हंजे पेट्रोल वाल्वच्या आधीच फवारतं, त्याला ही कटकट नाही.

जीटी टीडीआय बघत असाल तर अजून एक. डिझेल प्रदूषणाच्या प्रकरणात २०१५ च्या डिसेंबरात फोक्सवॅगन ग्रुपने भारतातल्या ३,२३,७०० गाड्या परत बोलावायचं जाहीर केलं होतं, ईए१८९ इंजिनवाल्या. तुम्ही बघताय ती त्यात होती का, अपडेट झालं का, हे चेसिस नंबर देऊन सर्व्हिस सेंटरला विचारा.

पायरी २: घरबसल्या करायची कामं

गाडी बघायला जायच्या आधी नंबर मागा. एमपरिवहनवर फिटनेसची, पीयूसीची, इन्शुरन्सची तारीख, कितवा मालक, बँकेचा बोजा आहे का, सगळं दिसतं. ई-चलन वेगळं बघा, आणि स्पोर्टी गाड्यांचं चलन नक्की वाचा, फक्त रक्कम नको. एका एमएच-४३ वाल्या गाडीवर पाम बीच रोडच्या ओव्हरस्पीडिंगची एवढी चलनं होती की मालक "मी तर फक्त बायकोला स्टेशनला सोडतो" म्हणाला तेव्हा आम्ही तिघेही खाली बघत बसलो. चलनं म्हंजे मालकाच्या पायाचं कॅरेक्टर सर्टिफिकेट.

सर्व्हिस हिस्टरी मागा, शिक्का मारलेलं पुस्तक नको, बिलं हवीत. बिलावर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचा ग्रेड असतो. किलोमीटर क्रमाने वाढतायत ना ते बघा, मीटर मागे फिरवलेली गाडी तिथेच सापडते. दोन ऑइल चेंजमध्ये २० हजारांचं अंतर दिसलं तर टर्बो गाडीसाठी मी तिथेच थांबतो. टर्बोची शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेते आणि ती ऑइलच्या पातळ पडद्यावर फिरते, जुनं जळकं ऑइल म्हंजे तिचा हळूहळू खून.

पायरी ३: थंड इंजिन, सकाळची वेळ

मालकाला सांगा मी सकाळी साडेसातला येतो, मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. पोचल्यावर आधी बोनेटला हात लावा. गरम असेल तर कुणीतरी चालू करून ठेवलीय आणि का ठेवलीय ते ओळखा.

सेल्फ मारल्यावर पहिले दोन-तीन सेकंद कान तिथेच ठेवा. चेनवाल्या इंजिनात खडखड आली आणि थोड्या वेळाने थांबली तर चेन किंवा टेन्शनर सैल. सायलेन्सरमधून निळसर धूर म्हंजे ऑइल जळतंय, टर्बोचा सील किंवा वाल्व सील. पांढरा धूर सकाळी थोडा येतोच, गाडी गरम झाल्यावरही येत राहिला आणि गोडसर वास आला तर कूलंट आत जातंय, पळा. ऑइल फिलरचं झाकण उघडून आतून बघा, काळा डांबरासारखा थर असेल तर ऑइल वेळेवर बदललेलं नाही, मालक काहीही सांगू दे.

कूलंटच्या बाटलीत काय आहे ते इंजिन थंड असतानाच बघायचं. काही गाड्यांत गुलाबी-जांभळं कूलंट कंपनीचं असतं, आणि त्यात कुणीतरी नाक्यावरचं हिरवं ओतून वर नळाचं पाणी टॉप-अप केलेलं असतं. मग तपकिरी गढूळ रंग येतो, रेडिएटरच्या बारीक नळ्या चोकअप, थर्मोस्टॅटचं प्लास्टिक हाउसिंग आणि पंपाचे सील जातात. माझ्या गाडीत हेच होतं. जुईनगरपाशी टेम्परेचरचा लाल दिवा लागला तेव्हा समजलं.

पायरी ४: पुराचं पाणी

आपल्याकडे हा स्वतंत्र विषय आहे. वंदना सिनेमाजवळ राहणाऱ्याला किंवा नवी मुंबईत खालच्या सेक्टरात बेसमेंट पार्किंगवाल्याला सांगायला नको. ड्रायव्हरचा सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातीची रेघ आहे का बघा, तो भाग कुणी धूत नाही. सीटच्या खालच्या रेल्सचे बोल्ट, डिकीत स्टेपनीची खळगी, पॅसेंजरच्या पायाखालचं कारपेट उचलून खालचा फोम. आत भरपूर परफ्युम मारलेला असेल तर जास्त शोधा. पूर आलेल्या गाडीत वायरिंगचे कप्लर हिरवे पडतात आणि मग दर महिन्याला नवीन दिवा लागतो, एकदा एबीएस, एकदा एअरबॅग. अशी गाडी कितीही स्वस्त असली तरी नको.

त्याचबरोबर ठोकलेली आहे का ते. बोनेटच्या बिजागरीच्या बोल्टांवर पाना लागलेल्या खुणा, दोन पॅनलमधली फट दोन बाजूंना वेगळी, काचांवरची वर्षं वेगवेगळी. हे सगळ्या गाड्यांना लागू आहे, जास्त लिहीत नाही.

पायरी ५: कुठे चालवायची

सोसायटीला एक राउंड मारून काही कळत नाही. तीन प्रकारचे रस्ते पाहिजेत. एक, रांगणारा ट्रॅफिक, त्यासाठी मानपाड्यापासून कासारवडवलीपर्यंतचा घोडबंदर रोड देवाने दिलाच आहे. दोन, चढ, ठाण्यात उपवनवरून येऊरचा आणि नवी मुंबईत बेलापूरच्या पारसिक हिलचा. तीन, सरळ गुळगुळीत, पाम बीच, तिथे स्पीड लिमिट पाळूनच, कॅमेरे आहेत.

रांगण्यात गिअरबॉक्स कळतो. चढावर वरच्या गिअरला पाय दाबला आणि आरपीएम वाढला पण वेग नाही वाढला तर क्लच घसरतोय. सरळ रस्त्यावर वेगाबरोबर वाढणारी घूं-घूं म्हंजे व्हील बेअरिंग, स्टिअरिंग थरथरलं तर रिम वाकलेली किंवा बॅलन्सिंग, ब्रेक मारताना थरथरलं तर डिस्क. खड्ड्यात पुढून टकटक म्हंजे लिंक रॉड, तो स्वस्त आहे, थडथड जड आवाज म्हंजे लोअर आर्मचे बुश किंवा स्ट्रट माउंट. एसी फुल लावून चालवा आणि रेडिओ बंद, मालक रेडिओ लावायला बघतोच.

आता गिअरबॉक्स, कारण खरा मोठा खर्च तिथे आहे. १.२ टीएसआयमधला सात गिअरचा डीएसजी हा ड्राय क्लचवाला. म्हंजे दोन क्लच कोरडे, ऑइलमध्ये बुडालेले नाहीत, आणि रांगणाऱ्या ट्रॅफिकमध्ये ते अर्धवट लागून घासत राहतात, तापतात, चकाकी चढते, मग पहिल्या-दुसऱ्या गिअरला थरथर सुरू. वर त्याला मेकॅट्रॉनिक नावाचा मेंदू बसवलेला आहे, हायड्रॉलिक आणि इलेक्ट्रॉनिक एकत्र. तो गेला की डॅशबोर्डवर गिअरचं अक्षर लुकलुकतं आणि गाडी भर रस्त्यात गिअर सोडते. हा काही गॅरेजवाल्यांचा गैरसमज नाही, कंपनीने २०१३ मध्ये जगभरातल्या सुमारे १६ लाख गाड्या याच गिअरबॉक्ससाठी परत बोलावल्या होत्या, सिंथेटिक गिअर ऑइल काढून मिनरल घालायला. बदलायची वेळ आली तर मेकॅट्रॉनिक लाखाच्या घरातला विषय आहे, क्लच पॅकही स्वस्त नाही.

म्हणून बघायचं असं: थंड गाडीत आणि पाऊण तास ट्रॅफिकमध्ये तापल्यावर, दोन्ही वेळा. ब्रेक सोडल्यावर सरकते की झटका देते, रिव्हर्स टाकल्यावर लगेच लागतो की एक-दोन सेकंद विचार करते, दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना खांदे हलतात का. मग गाडीच्या कॉम्प्युटरला स्कॅनर लावणाऱ्याकडून क्लचच्या अडॅप्टेशन व्हॅल्यू काढून घ्यायच्या, घासून किती उरलेत त्याचा अंदाज येतो. हे सगळं ठीक निघालं तर डीएसजी घेऊ नका असं मी म्हणणार नाही, चालवायला त्याच्यासारखी मजा कशातच नाही. फक्त रोज माजिवडा ते बीकेसी करणाऱ्याने घेऊ नये, त्याने मॅन्युअल किंवा टॉर्क कन्व्हर्टर बघावा.

मॅन्युअल घेतला तरी क्लच सुटलेला नाही. पेडल फार वर पकडतंय, बंद करताना आतून खडखड, तर प्लेटबरोबर फ्लायव्हीलचाही भाव विचारून ठेवा. टर्बो डिझेलमध्ये ड्युअल मास फ्लायव्हील (थरथर गिळायला दोन भागांत बनवलेलं जड चाक) असला की नुसत्या प्लेटवर भागत नाही.

पायरी ६: लिफ्ट आणि स्कॅनर

गाडी आवडली की टोकन द्यायच्या आधी तुमच्या ओळखीच्या गॅरेजला न्या, वागळे इस्टेटला, तुर्भे एमआयडीसीला, कुठेही, फक्त मालकाच्या ओळखीच्या गॅरेजला नको. वर उचलून खालून बघितल्याशिवाय पैसे नाहीत. ऑइलचा गळका पॅन, टर्बोला जाणारे पाइप, ड्राइव्ह शाफ्टचे फाटलेले बूट, शॉकअबवर ऑइल. खाडीकाठची हवा खारी, सायलेन्सर आणि ब्रेक पाइपवरचा गंज बघाच, ऐरोली-वाशीच्या उघड्या पार्किंगमधल्या गाड्यांना जास्त.

इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपात ऑइलचा हलका ओलावा चालतो, थेंब टपकत असतील तर टर्बो संशयित. टर्बोच्या इनटेकचा पाइप काढून शाफ्टला बोटाने हलवून बघता येतं, आडवा किंचित हलला तर चालतं, आतबाहेर हलला तर नाही.

स्कॅनरवर जुने फॉल्ट कोड दिसतील. सगळे कोड नुकतेच पुसलेले दिसले, म्हंजे एकही नाही आणि रेडीनेसच्या टेस्ट (गाडी स्वतःच स्वतःची तपासणी करते त्या) अपूर्ण, तर कुणीतरी तुमच्यासाठी घर झाडून ठेवलंय.

टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हंजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. सहा-सात वर्षांचा टायर नक्षी असली तरी बदलायचा. १६ इंची लो प्रोफाइल टायरच्या साइडवॉलला फुगा आला असेल तर तो आपल्या खड्ड्यांचा प्रसाद, तेवढे पैसे किमतीतून कापून घ्या.

रीमॅप केलेली गाडी

या गाड्या पोरं मॉडिफाय करतात, यात नवल नाही. स्टेज वन रीमॅप (ताकद वाढवायला इंजिनचं सॉफ्टवेअर बदलणं), मोठा फिल्टर, डाउनपाइप (टर्बोच्या मागचा धुराचा पाइप). रीमॅप वाईटच असतो असं नाही, पण आधीचा मालक "स्टॉकवर आणून दिली" (कंपनीसारखी परत केली) म्हणतो तेव्हा सॉफ्टवेअर परत गेलं, क्लचची झीज नाही गेली. एअर फिल्टर बॉक्सचे स्क्रू घासलेत का, सायलेन्सरला नवीन वेल्डिंग आहे का बघा. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर पीयूसीला अडकाल आणि नवीन ओरिजिनल कॅट महाग. कुर्ल्याला सीएसटी रोडवर जुना मिळतो म्हणून कुणी सांगेल, तो कुठून आला ते विचारत बसावं लागतं, मी नाही जात.

पायरी ७: गाडी घरी आल्यावर पहिला महिना

मालक काहीही सांगो, सर्व्हिसिंगचा हिशोब आपण शून्यापासून सुरू करायचा. पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल आणि फिल्टर. फुल सिंथेटिक, आणि डब्यावर नुसता ५डब्ल्यू-३० किंवा ५डब्ल्यू-४० बघून घेऊ नका, मॅन्युअलमध्ये दिलेलं अप्रूव्हल हवं, जसं टीएसआयला फोक्सवॅगन ५०२ ००. साडेतीन-चार लिटरचं काम आहे. पुढे कंपनीने १५ हजार सांगितलं असलं तरी आपल्या ट्रॅफिकमध्ये ७-८ हजारांवर बदला, कारण घोडबंदरला गाडी पाऊण तास चालू राहते आणि मीटरवर सहा किलोमीटर पडतात.

मग स्पार्क प्लग, चांगला इरिडियमच, आणि इग्निशन कॉइल (प्लगला ठिणगीचं व्होल्टेज देणारी) तपासून घ्या. एक कॉइल गेली तर एक जास्तीची घेऊन डिकीत ठेवा. एअर फिल्टर, एसी फिल्टर. ब्रेक ऑइल हवेतली ओल पितं, दर दोन वर्षांनी, डॉट ४. कूलंट पूर्ण काढून धुऊन योग्य रंगाचं, डिस्टिल्ड वॉटरबरोबर. बेल्टवाली असेल आणि बिल नसेल तर बेल्ट या महिन्यातच, थांबायचं नाही. डीएसजीचं ऑइल 'लाइफटाइम' म्हणतात, कुणाचं लाइफ ते कुणी सांगत नाही, ५०-६० हजारांपुढच्या गाडीत मी बदलून घेईन. बॅटरी चार वर्षांची झाली असेल तर पावसाच्या आधी नवी टाका, व्होल्टेज कमी पडलं की या गाड्या भलतेच दिवे लावून घाबरवतात.

एसीची कूलिंग कॉइल लीक असेल तर नुसता गॅस भरून घेऊ नका, तीन महिन्यांत परत गरम हवा. कॉइल बदलायला डॅशबोर्ड खोलावा लागतो, मजुरी तिथे जाते, आणि डॅशबोर्ड परत बसवताना घाई केली की पुढे कायमची किरकिर. माझ्या गाडीत अजून आहे, स्पीकरच्या मागे, सापडत नाही.

पायरी ८: पुढची वर्षं

पावसाळ्यापूर्वी विंडस्क्रीनच्या खाली वायपरपाशी जी जाळी असते तिच्या नाल्या साफ करा. सोसायटीतल्या गुलमोहराची आणि पर्जन्यवृक्षाची बारीक पानं तिथे अडकतात आणि पाणी केबिनमध्ये उतरतं. साचलेल्या पाण्यात या बुटक्या गाड्या घालूच नका. बंद पडलीच तर परत सेल्फ मारायचा नाही, सिलिंडरमध्ये पाणी गेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. ढकला, टो करा. इन्शुरन्समध्ये इंजिन प्रोटेक्शन घ्या, हे ॲड-ऑन मी तरी सोडणार नाही.

पेट्रोल आता ई२० आहे, म्हंजे त्यात २० टक्के इथेनॉल. एप्रिल २०२३ नंतरच्या नव्या गाड्या त्यासाठी बनवल्यात, आपण बोलतोय त्या बहुतेक आधीच्या. दर सर्व्हिसला पेट्रोलचे रबरी पाइप आणि सील चिरलेत का ते बघायला सांगा, एव्हरेज थोडा पडेल तो धरून चाला. आणि गाडी महिनाभर उभी ठेवायची असेल तर टाकी अर्धी रिकामी ठेवू नका.

हायवेवरून दामटून आलात की लगेच बंद नका करू, अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या, टर्बो गार होतो. थंड इंजिनला पहिले चार-पाच किलोमीटर पाय हलका. डीएसजीत ट्रॅफिकमध्ये इंचाइंचाने सरकू नका, पुढे जागा होऊ द्या, मग एकदाच जा. मागचा हॉर्न मारेल, मारू दे, त्याच्या क्लचचं बिल तो भरतो. चढावर ॲक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवायची नाही, ब्रेक दाबायचा.

उंदीर! वायरिंग कुरतडतात. तंबाखूच्या पुड्या बोनेटखाली बांधायचा आपला गावठी उपाय चालतो, पण इंजिनच्या गरम भागाला चिकटणार नाहीत अशा बांधा.

बंद झालेल्या मॉडेलचे ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड सहज मिळतात, अडतं ते बंपर, हेडलाइट आणि दाराच्या बारीक प्लास्टिकवर. अबार्थ घेणाऱ्याने तर आधी एक माणूस शोधावा जो अबार्थ दुरुस्त करतो, मग गाडी.

भाव करताना

लिफ्टवर सापडलेल्या प्रत्येक गोष्टीचा भाव गॅरेजवाल्याकडून कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मालकापुढे ठेवा. "थोडं कमी करा ना दादा" म्हणून दहा हजार सुटतात, कागद दाखवून चाळीस. टायर, बेल्ट, क्लच, या तिघांवर वाद होत नाही.

कागदपत्रांत मालकी बदलायचे फॉर्म २९ आणि ३०, बँकेचा बोजा असेल तर एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, एप्रिल २०१९ च्या आधीची गाडी असेल तर एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट बसलीय का, आणि इन्शुरन्स १४ दिवसांत नावावर. नो क्लेम बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो, तो तुम्हाला मिळणार नाही, प्रीमियम त्या हिशोबाने धरा. चलनं मालकाकडून तुमच्यासमोर भरून घ्या.

आणि एक साधी वही ग्लोव्हबॉक्समध्ये. तारीख, किलोमीटर, काय केलं, किती गेले. माझ्या वहीचं पहिलं पान आईने एकदा वाचलं आणि काही न बोलता परत ठेवून दिलं. परवा मात्र उपवनवरून येऊरला चढताना मागच्या सीटवरून म्हणाली, "पळते हं."